नाटकघरासाठी आणलेलं लाकूड

मी न घडवलेल्या लाकडावर माझी खूण होती. कतारमधल्या मुऐदरच्या एका इंग्रजी शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी ती दिसली, तेव्हा मी आधी स्वतःवरच चिडलो. वय झालं की माणूस केलेलं विसरतो, दुसरं काय.

शाळेच्या कार्यक्रमासाठी लंडनच्या ग्लोब नाटकघराचा एक तुकडा उभा करायचा होता. गोल सज्जा, खांब, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. नाटक शिकवणाऱ्या बाई भारी उत्साही. मला, रत्नागिरीकडच्या सुताराला, त्यांनी चारशे वर्षांचा इतिहास हिंदीत ऐकवला. जागेच्या मालकाशी बिनसलं म्हणून नटांनी आपलं जुनं नाटकघर सुटं केलं, लाकडं नदीपार नेली आणि त्यांचंच नवं उभारलं. पुढे एका नाटकात तोफ उडवली, छपराचं गवत पेटलं आणि सगळं खलास. पुन्हा बांधलं, पुन्हा पाडलं गेलं. आता आपल्या काळात, जुन्या जागेजवळ, परत तसंच बांधलंय. नकाशा कुणाकडेच नव्हता. जुनी चित्रं, सापडलेला पायाचा तुकडा आणि सुतारांची अक्कल, एवढ्यावर भागवलं.

"सुतार लाकडावर पटाशीनं खुणा करायचे," बाई म्हणाल्या. "त्या बघून पुन्हा जोडायचे." यात मला नवल वाटायचं काही कारण नव्हतं. आम्हीही तेच करतो.

गोलाईसाठी प्लायवूड वाकवलं असतं तरी चाललं असतं, पण माझा हट्ट खऱ्या लाकडाचा. अल रुवैसच्या किनाऱ्यावर मोडीत काढलेल्या एका बोटीच्या वाकड्या फासळ्या मी उचलून आणल्या. बोट याच किनाऱ्यावर बांधलेली, असं तिथला म्हातारा मच्छीमार सांगत होता.

फासळ्या लावायला घेतल्या आणि रंध्याला कामच उरलं नाही. जो तुकडा उचलावा तो नेमका बसायचा. दारं बंद, एसी चालू, तरी हॉलभर खाऱ्या पाण्याचा वास. माझ्या जोडीचा सुतार परभणीकडचा. तो म्हणाला, "चाचा, ह्या लाकडाला कुठं बसायचं ते आधीच ठाव हाय." त्यानंतर तो हॉलमध्ये एकटा थांबेना.

नमाजाहून परत आलो, एक फासळी उलटी केली आणि ती खूण दिसली.

आमच्या घरची खूण तीन छेदांची, ती बावाची, म्हणजे माझ्या बापाची. मुलानं काम हातात घेतलं की बाप त्या तिन्हींवर आडवा चौथा छेद देतो, आणि ती मुलाची होते. माझी खूण चार छेदांची, बावानं लहानपणीच दिलेली. मी त्यावर अंगठा फिरवला. आत माशाचं तेल मुरून छेद काळे पडले होते. हे माझं काम नव्हतं. बोटीवर मी कधी हत्यार चालवलेलं नाही. बोटी बावा बांधायचा. मी बारा वर्षांचा असताना तो आखातात आला आणि त्यानंतर त्याचं ना पत्र, ना निरोप.

पुढच्या फासळीवर तीन छेद. तिच्या पुढच्या फासळीवर चार. तीन, चार, तीन, चार, अशी ती सबंध गोलाई. दोन माणसांनी शेजारी बसून केलेलं काम. आणि मी तर बावाचा एकुलता एक. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, संतापही आला.

अम्मा आता ऐंशीच्या पुढे आहे. मी कतारला आल्यापासून दर शुक्रवारी फोनवर तिचा एकच प्रश्न, बावाची काय खबर. माझंही उत्तर एकच. त्या शुक्रवारी मी अर्धंच सांगायचं ठरवलं. उरलेलं तिला सोसणार नाही असं वाटलं.

"अम्मा, एका जुन्या बोटीवर बावाची खूण गावली."

तिनं विचारलं, "तीन छेद, का चार?"

चाराचं मी काही बोललोच नव्हतो. "चार बी हायत," मी म्हणालो.

"जरा थांब," ती म्हणाली. बावा गेल्यापासून गळ्यातली लग्नाची काळी पोत तिनं एकदाही उतरवली नव्हती. फोनमधून फरशीवर मणी पडल्याचे आवाज आले, एकामागून एक, पुष्कळ वेळ.

"त्या पोराला हुडक," मग ती म्हणाली. "बापान माझं नाव कधी काढलान काय, तेवढं इचार."