करंजाखालची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, प्रार्थनेत देवालासुद्धा धड नाही. तुम्हाला सांगते आहे. मध्येच गप्प झाले तर होऊ द्या.

मार्था माझी धाकटी जाऊ. देवणीकडच्या आमच्या गावात दुष्काळ पडला, त्या उन्हाळ्यात तिची रूथ गेली. दीड वर्षाची पोर, हगवणीनं गेली. माझा नवरा तेव्हा खडीच्या कामावर, लांब. दफनभूमी इतकी कडक झालेली की सब्बल लागेना. ओढ्याकाठी करंजाखाली जरा मऊ माती होती, तिथे दिरानं एकट्यानंच खड्डा घेतला. ना क्रूस, ना दगड. जागा ठाऊक फक्त आम्हा तिघांना.

मार्था रोज तिथे जाऊन बसायची. जेवण नाही, बोलणं नाही. एक दिवस परत आली आणि म्हणाली, "अक्का, करंजाला पालवी फुटली. पाण्याचा टिपूस न्हाई, तरी बी. देव हाय." दुसऱ्या दिवसापासून ती जेवू लागली, कामावर जाऊ लागली.

आणि मी? मला त्या वर्षातली फक्त तहान आठवते, आणि चिडचिड. देव तिला भेटला होता, मला नाही. मला तिचा हेवा वाटला — लेकरू गेलेल्या बाईचा हेवा! असं कुणाला होतं का?

पुढे दहा वर्षांनी लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास मंडळीत नवे पाळक आले. पहिल्याच सभेत म्हणाले, दुष्काळात देवानं कसं राखलं, कुणीतरी साक्ष द्या. महिला मंडळाची पुढारी मी. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले आणि — करंज सांगितला. पालवी सांगितली. सगळं माझंच म्हणून. रूथ तेवढी गाळली; माझं कुठे काय गेलं होतं? मार्था बायकांच्या ओळीत खाली मान घालून बसली होती. पाळक इतके भारावले की पुनरुत्थानाच्या रविवारची पहाटेची उपासना त्याच झाडाखाली ठरवली. नको म्हणायला मला तोंड नव्हतं का? होतं. मी म्हटलं नाही.

त्या पहाटे ओढ्याकाठी सतरंज्या अंथरल्या, माणसं बसली. मार्था माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "अक्का, ती सतरंजी जरा अलीकडं घ्या की. रूथ हाय तिथं."

काय करायचं होतं मला? सतरंजी चार हात ओढायची, बस. पण कुणीतरी विचारलं असतं, का म्हणून? मग सगळंच बाहेर आलं असतं. मी म्हणाले, "राहू दे आता, लोक बसलेत."

ती मागे जाऊन बसली, मातीत. मी पुन्हा साक्ष दिली — पहिल्यापेक्षा चांगली दिली, पालवीकडे बोट दाखवून. माझा आवाज कापला नाही. मंडळीनं आमेन म्हटलं, तेव्हा मार्थाचेही ओठ हलले.

त्यानंतर ती करंजाकडे गेली नाही. मरेपर्यंत एकदाही नाही. मंडळी मात्र दर वर्षी जाते, आणि मला पुढच्या सतरंजीवर बसवते. मी बसते.