कोणाचं चुकलं ते सांगत नाही

बायको गेल्यावर लोक भेटायला येतात आणि म्हणतात, देवाच्या मनात होतं. असेल. देवाशी माझं भांडण नाही. माझं भांडण फोनातल्या एका वाक्याशी आहे. 'काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' हे ज्याने लिहिलं त्याला माझ्यासमोर उभा करा, पायातली काढून हाणतो.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस. आम्ही दहिसरला, मशीन अंधेरीला. जाताना ती गप्पा मारायची. येताना रिक्षात माझ्या खांद्यावर पडलेली असायची, अंगात जीव नाही, खड्डा आला की माझा दंड आवळायची. हायवेवर गाड्या तुंबल्या की उलटी. मग आमच्या घराजवळच नवीन केंद्र उघडलं. हळूहळू चालत गेली असती. तिथे जागा मागायची तर ॲपवरून. मी चौथीपर्यंत शिकलो, पण मराठी वाचता येतं. नाव टाकलं, बटण दाबलं. चाक फिरलं, नि ते वाक्य आलं.

ती खाटेवरून मालवणीत विचारायची, "काय म्हणता वो तो फोन?"

"कायतरी चुकला म्हणता."

"कोणाचा चुकला? आपला काय तेंचा?"

"ता सांगणा नाय."

"मगे परत इचारा. आणि बोट हळू लावा, तुमी रागान दाबतास."

मी हळू दाबलं. थोड्या वेळाने दाबलं. सकाळी दाबलं, दुपारी दाबलं. वाक्य तेच. थोड्या वेळाने म्हणजे किती वेळाने? शेवटी केंद्रावर गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, सगळं ॲपवरूनच होतं. ॲप काय म्हणतं?"

"काहीतरी चुकलं म्हणतं."

"मग ट्राय करत राहा ना."

आमच्या गावी देवीला कौल लावतात. पाषाणावर पाकळ्या चिकटवायच्या नि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली म्हणून कोणी हात जोडून घरी जात नाही. गुरव पुढे विचारतो, बाये, कशाला अडवलंस? कोणाचा मान राहिला? कोणाचं देणं राहिलं? एकेक विचारत जातो, उजवी पडेपर्यंत. म्हणजे दगडसुद्धा नाही म्हणतो, आणि का नाही तेही सांगतो. या फोनवाल्यांचं काय? ना डावं ना उजवं. नुसतं या परत.

आम्ही अंधेरीलाच जात राहिलो. पावसाळा सरला, आणि एका दुपारी तिथून येताना रिक्षातच ती गेली. ॲपमुळे गेली असं मी म्हणत नाही. दुखणं मोठं होतं, मला कळतं. पण तिचे शेवटचे महिने त्या रस्त्यावर गेले. ते घरात जायला हवे होते.

तेराव्यानंतर सुनेला म्हटलं, बघ गं, यात काय होतं ते. आधीच विचारायला हवं होतं, पण चूक माझ्याच बोटाची वाटायची. सून मरोळला एका कंपनीत फोनची ॲपच बनवते. तिने फोन लॅपटॉपला जोडला. "बाबा, दाबा परत." मी दाबलं. चाक फिरलं, वाक्य आलं. आणि लॅपटॉपवर बारीक इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय लिहिलंय?"

"नाव आधार कार्डाशी जुळत नाही. लग्नाचा दाखला घेऊन केंद्रावर या."

आधारवर तिचं माहेरचं नाव होतं. मी टाकलेलं नाव मीच ठेवलेलं, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. मला तिचं दुसरं नाव सुचणार कुठून? आमच्याकडच्या निम्म्या बायकांना दोन नावं आहेत.

"हे उत्तर आज आलं?"

"नाही बाबा. प्रत्येक वेळी हेच आलं असणार."

"मग मला का नाही दाखवलं?"

तिने समजावलं. पलीकडून, म्हणजे केंद्राच्या कॉम्प्युटरकडून, नकार दोन तऱ्हेचा येतो. एक म्हणजे आमच्याकडेच बिघाड आहे, नंतर या. दुसरा म्हणजे तुम्ही पाठवलंय त्यात चूक आहे, ती सुधारल्याशिवाय हजारदा आलात तरी उपयोग नाही. ॲप लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच खड्ड्यात टाकले नि वर एकच वाक्य लावलं.

"म्हणजे केंद्राने धाडलेलं कारण मधल्या मधे फाडून टाकलं?"

"तसंच."

"तुम्ही पण असंच करता?"

"बाबा, डिझाइनवाले म्हणतात माणसाला घाबरवू नका, सोपं ठेवा. आणि वेळ नसतो. सगळ्या चुकांना एकच मेसेज लावला की काम संपतं."

"तुझं संपतं! तिचं काय?"

मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारीण दारात आली. सून म्हणाली, "मी उद्याच तिकीट टाकते."

"तिकीट कसलं टाकतेस? चूक आहे ती सांग ना लोकांना!"

"तेच बाबा. आमच्यात दुरुस्तीच्या कामाला तिकीट म्हणतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच. फोन पुढे धरला. तिच्या कंपनीच्या ॲपमध्येही आधारवरचं नाव लागतं; तिथे तिने मुद्दाम चुकीचं नाव टाकून बटण दाबलं. 'तुमचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही. पुन्हा दाबून उपयोग नाही. नाव तपासा.' साधं मराठी. कोणालाही कळेल असं.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत झालं, बाबा."

पोरगी खूश होती, मी शाबास म्हणावं म्हणून उभी होती. म्हणायला हवं होतं. पण जेवणाच्या सुट्टीत झालं हे ऐकलं आणि डोकं असं फिरलं की फोन तिच्या हातात कोंबला नि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.