माझ्या रिटर्नचा चोर

समस्त जावईवर्गास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या जुलैत, मुदत संपायला थोडेच दिवस उरलेले असताना, मी माझं आयकराचं रिटर्न स्वतःच्या हाताने भरायचा निर्णय घेतला. हे जाहीर केलं तेव्हा बायको गवार निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अन् अण्णांना कोण सांगणार?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. ते देवळाली प्रवराला राहतात. साखर कारखान्याच्या अकाउंट खात्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाले तेव्हा ते खातं मनातल्या मनात घरी घेऊन आले. तेव्हापासून जुलैतल्या एका रविवारी आम्ही दोघा जावयांनी फॉर्म सोळा, पासबुकं आणि विम्याच्या पावत्या पिशवीत घालून हजर व्हायचं अशी प्रथा आहे. आधी मटणाचं जेवण, मग रिटर्न. जेवणाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बोकडालाही शेवटच्या दिवशी असाच चांगला चारा मिळत असेल.

कारण मामा फॉर्म सोळा मनात वाचत नाहीत. पोथीसारखा खड्या आवाजात वाचतात. नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या माणसाला काय मिळतं, हे आमच्या साडूला, म्हणजे बेलापूरकडच्या एका शाळेतल्या गुरुजींना, दर वर्षी तोंडपाठ होतं. आत सासूबाई मिक्सर बंद करून ऐकतात. मग मामा चष्म्यावरून बघत विचारतात, एवढी कमाई आणि बँकेत व्याज एवढंसंच, मग बाकीचं जातं कुठं? साडू "हं" म्हणतात. मला त्या "हं"चा विशेष राग आहे.

त्यात आता जुनी करप्रणाली की नवी, हा नवा वाद. आमच्या कंपनीतल्या अकाउंटंटने दोन्ही हिशेब मांडून मला नवीच फायद्याची हे दाखवून दिलं होतं. तीत विम्याच्या हप्त्याला सूट नाही, म्हणून मामांच्या मते मात्र नवी प्रणाली म्हणजे जावयांनी विमे बंद करावेत म्हणून रचलेला कट. माझ्या नावावरचे तिन्ही विमे त्यांनीच पसंत केलेत.

तुम्ही म्हणाल, मग स्पष्ट सांगून टाकायचं. सांगून बघा. त्या रविवारी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात. आदल्या दिवशी पेन्सिलींना टोक काढून ठेवतात. एरवी त्यांना वर्षभर कुणी काही विचारत नाही; फवारणी कधी करायची हेसुद्धा थोरला मुलगा मोबाईलवर बघतो. त्या माणसाला "आता तुमची गरज नाही" म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून बेत असा: गुपचूप रिटर्न भरायचं, रविवारी जाऊन मटण खायचं, आणि हळहळत सांगायचं की यंदा कंपनीनेच सगळ्यांचं भरून टाकलं.

बेत निर्दोष होता. फक्त पासवर्ड माझ्याकडे नव्हता, तो मामांच्या डायरीत होता. 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं. आधारला जोडलेलं माझं सिम केव्हाच बंद पडलेलं, म्हणून आयकर खात्याकडे नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवला आणि फोन हातात धरून बसलो. काही आलं नाही. परत मागवला. तिसऱ्यांदा मागवला. तेव्हा फोन वाजला. मामा.

आधी म्हणाले, घाबरू नका. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या नावावर चोर बसलाय. तीनदा ओटीपी मागितला भामट्यानं. म्या दिला न्हाई. देनार बी न्हाई."

जावई फोन उचलत नाहीत म्हणून या गृहस्थांनी पहिल्याच वर्षी आम्हा दोघांच्या खात्यांवर स्वतःचा नंबर घातला होता. मी काय करणार? मी त्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मामा आंघोळीला गेले असतील अशा वेळी पुन्हा प्रयत्न केला. न्हाणीतूनच त्यांचा फोन आला; ते मोबाईल तिथेही घेऊन गेले होते. बायको हसून हसून पाटावरून खाली घसरली. तिसऱ्या दिवशी रविवार, आणि बोलावणं आलं: दोन्ही जावई, तातडीने.

जाऊन बघतो तो मामा पांढऱ्या शर्टात, पण पेन्सिली कुठेच नाहीत. त्यांनी सांगितलं की चोर एकट्या माझ्या मागे नाही, गेल्या आठवड्यात साडूंच्या नावानेही चारदा ओटीपी आला होता. साडूंनी मग या भामट्यांच्या टोळ्या कुठल्या मुलखात बसतात, कसं फसवतात, हे वर्गात शिकवावं तसं समजावून दिलं, आणि पोलिसांत अर्ज द्यायला हवा असा सल्लाही दिला. अर्ज त्यांच्याच वळणदार अक्षरात तयार होता. मामांनी तो माझ्यापुढे सरकवला, पेन उघडून दिलं आणि चपला पायात घातल्या. मी माझ्याच विरुद्ध तक्रार करायची होती. खाली सही, अर्जदार.

पेन टेकवलं, पण सही होईना. "मामा," मी म्हणालो, "तो चोर मी आहे."

 मामांनी चपला काढल्या. माझ्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं, खिशात अडकवलं.  मग म्हणाले, "मला फोन करायचा हुता की. दिला नसता का मी?"

 नवी प्रणाली घेणार का, हेही त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ते फक्त म्हणाले, काढा लॅपटॉप.

मी बटण दाबलं. त्यांच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा पुसून लावला, ताठ बसले, आणि माझा ओटीपी एकेक आकडा करत त्याच खड्या आवाजात वाचायला घेतला. आत मिक्सर बंद झाला. साडू तो अर्ज घडीवर घडी घालत इवलासा करत होते. शेवटचा आकडा संपला तशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मामा, लगेहात माझाबी वाचा ना. तिकडचा चोर मीच हाय."