अभ्यंगाच्या पहाटेचे सिनॅमन रोल

मुलगी दिवाळीला येते म्हणाली, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, की खायला काय करू? कधी येणार, किती वाजता पोचणार, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दिवाळीला येणार म्हणजे पहिल्या आंघोळीला येणार. त्यात विचारायचं काय?

"पापा, चकली-वकली के चक्कर में मत पड़ना, आपसे नहीं होगा," ती फोनवर म्हणाली. "सिनॅमन रोल बना लो. मेरे वाले स्टार्टर के. पक्का?"

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. इथे चंदीगडात वाढलेल्या मराठी घरांतल्या बहुतेक पोरांचं तसंच आहे. त्यावरून भांडणं मी कधीच सोडून दिलं. बायको मात्र शेवटपर्यंत भांडत राहिली आणि शेवटपर्यंत हरत राहिली.

स्टार्टर म्हणजे मैदा आणि पाणी कालवून आंबवलेलं खमीर. घरून काम करायच्या दिवसांत लेकीने ते एका बरणीत सुरू केलं. मग ऑफिसने बंगळुरूला परत बोलावलं, ती गेली आणि बरणी मागे राहिली. बायकोने ती विरजणासारखी सांभाळली. थोडं काढायचं, तेवढाच नवा मैदा घालायचा, काढलेल्याची मिरची-कोथिंबीर घालून धिरडी करायची. गेल्या वर्षी पावसाळ्यात बायको वारली आणि बरणी माझ्याकडे आली. आता या घरात माझ्याशिवाय जिवंत म्हणावं असं तेवढंच काय ते आहे. दर रविवारी मी तिला खायला घालतो. दोन शब्द बोलतोही. हसायचं त्याने खुशाल हसावं.

गेल्या वर्षी दिवाळी केलीच नाही. यंदा मला एकच गोष्ट हवी होती. त्या पहाटे घरात मी एकटा असू नये. बाकी आकाशकंदील नसता लागला तरी चाललं असतं.

इथली दिवाळी संध्याकाळची. दिवेलागणीला पूजा, मग फटाके, मग मिठाईचे डबे घेऊन एकमेकांकडे जाणं. पहाटे अंधारात उठून तेल चोळणारं घर आख्ख्या सेक्टरात आमचं एकटंच असावं. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आंटीजींची बरीच वर्षं समजूत होती, की आम्ही दिवाळीच्या दिवशी पहाटेची बस पकडून कुठल्यातरी देवाला जातो.

यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. मी आदल्या सकाळीच कामाला लागलो. मी कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. आंबण्याची क्रिया फळ्यावर इतक्या वेळा लिहिली, की झोपेतही लिहीन, पण परातीतला गोळा काही त्या सूत्राला जुमानत नव्हता. एकतर ते पीठ पुरणपोळीच्या कणकेसारखं सैल आणि चिकट. त्यात हा दिवाळीतला उत्तरेकडचा गारठा. व्हिडिओतला दाढीवाला पोरगा म्हणत होता, पीठ दुप्पट होईपर्यंत थांबा. माझं पीठ दुपारपर्यंत ढिम्म हललं नाही. शेवटी पातेलं शालीत गुंडाळून इन्व्हर्टरवर ठेवलं. तो कायम कोमट असतो. तिथे मात्र स्वारी फुगली.

ब्राउन शुगर आणायला मी गेलो नाही. इथे शक्कर म्हणतात ती गुळाची पूड मिळते, ती तिच्याहून सरस. दालचिनी खलबत्त्यात कुटली. लाटलेल्या पोळीवर लोणी फासलं, वर शक्कर आणि दालचिनी भुरभुरली आणि अळूवडीचा उंडा वळतात तसा घट्ट वळला. सुरीने दाबून कापला तर चेपतो, म्हणून शिवणाचा दोरा खालून घालून वर फास ओढायचा. हे लेकीचं शिकवणं. तुकडे ट्रेमध्ये मांडून रात्रभर मुरायला फ्रिजमध्ये ठेवले. सगळा हिशेब असा, की तिची आंघोळ उरकायला आणि रोल ओव्हनमधून बाहेर यायला एकच गाठ पडावी. आंघोळीआधी तोंडात काही घालायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

संध्याकाळपर्यंत ती आली नाही. मी काळजी केली नाही. ऑफिसच्या कामाला ती दिल्लीत आली होती, त्यामुळे रात्रीची बस पकडून पहाटे दारात उभी राहील, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. इतकं पक्कं ठरवलं, की फोन करून खात्री करण्याचीही गरज वाटली नाही.

पहाटे उठून गीझर लावला. तेल कोमट केलं, उटणं दुधात कालवलं, दोन पाट मांडले, दारात पणती लावली. रांगोळी काढली ती रांगोळी आहे हे सांगावं लागलं असतं. कारीट इथे मिळत नाही, पण अपनी मंडीत, म्हणजे इथल्या आठवडी बाजारात, काचरी नावाचं फळ मिळतं. तसंच बोटभर, तसंच कडू. हा शोध बायकोचा. दोन काचऱ्या उंबऱ्यापाशी ठेवल्या, एक लेकीच्या टाचेखाली फुटायची, एक माझ्या. मग ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

दालचिनीचा वास जिन्यापर्यंत गेला असेल नसेल, तोच बेल वाजली. मी जवळजवळ धावलो. दारात शाल पांघरलेल्या आंटीजी.

"प्रोफेसर साब, सब ठीक है जी? इतनी सुबह बत्तियाँ जल रही थीं, मैं तो डर गई."

"दिवाली है, आंटीजी."

"वो तो शाम को है जी," त्या म्हणाल्या, आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून जिना उतरून गेल्या.

मग मात्र मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"क्या हुआ पापा? तबीयत ठीक है?" आवाज झोपेने जड.

"कुठपर्यंत आलीस?"

"कहाँ तक? मैं तो सो रही हूँ. दोपहर की ट्रेन है, बताया नहीं था? पूजा तक आराम से पहुँच जाऊँगी."

"आणि आंघोळ?"

पलीकडे ती उठून बसल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "वो तो मम्मा का था ना, पापा. मुझे लगा, अब नहीं होगा."

मी म्हणालो, झोप तू. फोन ठेवला आणि मला भयंकर राग आला. तिचा आला, आंटीजींचा आला, वर तो ओव्हन टिंग करून वाजला त्याचाही आला. पण ती खोटं काय बोलली होती? तिला अर्धवट झोपेत उचलून न्हाणीघरात नेणारे हात आईचे. तेल तिचं, उटणं तिचं, "डोळे मीट" हे ओरडणंही तिचं. मी बाहेर फुलबाजी पेटवून उभा. लेकीच्या लेखी ती पहाट आईबरोबर गेली. मी अजून इथेच होतो, हे तिला सुचलं नाही, आणि मला ते सांगता आलं नाही.

एकट्याने अभ्यंग करून पाहा कधी. हात चोळता येतात, पाय चोळता येतात, डोकं थापता येतं. पाठ राहते. औक्षणही स्वतःचं स्वतःला करता येत नाही. मी दोन्ही काचऱ्या फोडल्या, कपडे केले आणि स्वयंपाकघरात बसून एक रोल खाल्ला. उत्तम झाला होता. तेच जास्त लागलं. वाईट झाला असता तर निदान त्याच्यावर वैतागता आलं असतं.

ती संध्याकाळी आली. पूजा झाली, पणत्या झाल्या. रोल एव्हाना वातड झाले होते, म्हणून मोदकपात्रात वाफवून दिले. तिने बोटं चाटत तीन खाल्ले. मग न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पहाटे तिथे मांडलेले दोन पाट माझ्याकडून उचलायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. केस वर बांधून, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून ती उभी होती. हातात तेलाची वाटी.

"चलो पापा. एक दिन लेट चलेगा ना?"

तो दिवस पाडव्याचा. पाडव्याला नवऱ्याला तेल बायको लावते. बायकोने एकही पाडवा कधी चुकवला नव्हता. ताप असताना नाही, माझ्याशी अबोला असताना तर नाहीच.

"चालेल," मी म्हणालो.

पाटावर पुढे वाकून बसलो. तिने तेल फार घेतलं, हात गार होते आणि चोळत होती ते भांडं घासल्यासारखं. "ठीक कर रही हूँ ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. तो दिवस कुणाचा होता, हे मी तिला सांगितलं नाही. ती माझ्या पाठीमागे होती, त्यामुळे मला रडता आलं.