उघडायचा अधिकार

चादर पिळायची अर्धी राहिली होती. एक टोक मिस्त्रींच्या हातात, दुसरं बायकोच्या. तेवढ्यात खाली आरोग्य निरीक्षकांच्या गाडीचा भोंगा वाजला. मिस्त्रींनी आपलं टोक बायकोच्या हातात दिलं.

"अहो, एकटीने कशी पिळू मी ही?"

"नळाला गुंडाळ," म्हणून ते हातोडी घेऊन खाली उतरले.

मिस्त्री सुतार. फुगलेली, अडकलेली, कुरकुरणारी दारं उघडती करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. साथ आली आणि काम उलटं झालं. ज्या घरात ताप निघेल, त्या दारावर आडव्या फळ्या ठोकायच्या. एकदा दुधाचं पातेलं आत द्यायला त्यांनी फळी जराशी उचकटली, तर निरीक्षकांनी भर रस्त्यात त्यांची खरडपट्टी काढली. तेव्हापासून वरिष्ठांच्या चिठ्ठीशिवाय फळी काढायची नाही, हे मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं. देवाने स्वभावच सरळ दिलेला; सांगितलं तेवढं करायचं, कुणाचं वाईट चिंतायचं नाही.

त्या दिवशी दार शिलाईवालीचं होतं. नवरा तापाने फणफणलेला, सासूला मधुमेह.

"काका, सासूबाईंचं इन्सुलिन आज रात्रीपुरतंच आहे," ती दारातून म्हणाली. "सकाळी काय टोचू त्यांना?"

"मी आणून देतो की."

"आत काहीही द्यायचं नाही," निरीक्षक म्हणाले. "सोय वरून होईल."

"वर देव आहे, साहेब. त्याच्या कानावर मी सकाळीच घातलंय. तुमच्याकडून कोण येणार ते सांगा."

"हे बघा ताई, दार बंद करायचा अधिकार मला. उघडायचा वरिष्ठांना." एवढं बोलून ते घरातली माणसं मोजायला आत शिरले. "मिस्त्री, तुम्ही सुरू करा."

मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे दार ओढून घेतलं, खिळे ओठांत धरले आणि सुरू केलं. ओठांत खिळे असले की ते बोलत नसत. शेवटची फळी बसली तेव्हा खिडकीच्या जाळीमागे निरीक्षकांचं तोंड दिसलं.

"मिस्त्री, मी आत आहे."

मिस्त्रींनी उरलेला खिळा ओठांतून काढला. "हो, जाताना बघितलं ना मी."

"मग ठोकलंत कसं?"

"तुम्हीच म्हणालात, सुरू करा."

"काढा आता."

"चिठ्ठी?"

निरीक्षकांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचाही संपर्क आला. मुदत संपेपर्यंत तिथेच थांबा," म्हणाले आणि फोन ठेवला.

निरीक्षक शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. शिलाईवालीने पाणी दिलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "पाहुणे राहणार आहेत का गं?"

"राहणार आहेत म्हणे, आई."

निरीक्षकांनी खिशातून आदेश काढला आणि पहिल्यांदाच सावकाश वाचला. आजारी माणसाने आणि घरच्यांनी घरात राहावं, त्यांना लागेल ते कार्यालयाने घरपोच द्यावं. फळ्यांचं काही नव्हतं. खिळ्यांचंही नव्हतं. त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"मिस्त्री, फळ्या काढा."

"पण उघडायचा अधिकार तुम्हाला नाही ना, साहेब?"

निरीक्षकांनी आदेशाची घडी घालून तो खिशात ठेवला. "ठोकायचाही नव्हता बहुतेक."

हे मिस्त्रींना पटलं. त्यांनी एकेक खिळा उपटून फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. दार सताड उघडं झालं. बाहेर मात्र कुणीच आलं नाही. शिलाईवाली उंबऱ्याच्या आत उभी, तिच्या मागे निरीक्षक.

"या की साहेब."

"कसा येऊ? घरात राहायचं तर लिहिलंय." ते घुटमळले. "घरपोच द्यायचं काम कार्यालयाचं आहे, आणि कार्यालय इथे अडकलंय. तुम्ही जाल का?"

"मघाशी मी तेच म्हणत होतो."

"ऐकलं होतं मी."

शिलाईवालीने औषधाचं नाव दोनदा सांगितलं. "बर्फात ठेवून द्यायला सांगा हं, काका."

"आणि बाकीच्या दारांवरच्या फळ्या?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्याही काढा. पण आधी हे."

मिस्त्रींनी हातोडी पिशवीत टाकली आणि ते औषधाच्या दुकानात इन्सुलिन आणायला निघाले.