आईची काठी आणि धक्क्याचा जिना

तीन आठवडे आई नेदरलँड्समधल्या आमच्या युट्रेख्टच्या घरात खालच्या मजल्यावरच राहिली. गुडघ्यांच्या ऑपरेशनला आठ महिने झालेले, डॉक्टर म्हणतात खुशाल चढा. पण आमचा जिना म्हणजे माळ्याची शिडी! आणि लेकीची खोली नेमकी वर. "आजी, माझी खोली बघ ना," असं ती रोज डचमध्ये विनवायची, मी मराठीत सांगायचे, आई नुसती मान हलवायची. परतीचं विमान चार दिवसांवर आलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. असं न बघताच जाणार?

म्हटलं, बाहेर सराव करू. कालव्याच्या धक्क्यावरून रस्त्यावर चढणारा एक जुना जिना आहे. वर विटांचं छत, दोन्हीकडे लोखंडी कठडे. आई काठी टेकत, माझा हात धरून तो उतरली. तळाशी कोनाड्यात कुणा संताची मूर्ती. ती दिसली मात्र, आईनं बूट काढले, भिंतीशी जोडीनं लावले, काठीही शेजारी टेकवली.

"अगं, हे देऊळ नाहीये!"

"देव आहे ना? मग झालं."

मोज्यांवर, दोन्ही कठडे धरून, धापा टाकत ती वर पोचली. जरा टेकली आणि तशीच सावकाश खाली उतरली. बघतो तर बूट गायब. काठीही!

मी अशी भडकले की विचारू नका! शेजारच्या कॅफेच्या खुर्च्या मांडणारा माणूस शांतपणे म्हणाला, "भिंतीशी नीट लावून ठेवलं की लोकांना वाटतं, घेऊन जा." खरंच, इथं नको असलेल्या वस्तू लोक अशाच बाहेर ठेवतात. आमचं पुस्तकांचं कपाट मी तसंच तर उचलून आणलंय.

आई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "जाऊ दे गं, कुणाच्या तरी पायात जातील." मी माझे बूट तिला दिले. बससाठी पुन्हा तोच जिना चढायचा होता. चढली की बिचारी, आणि मी मागून मोज्यांवर, लोकांच्या नजरा चुकवत.

घरी आल्यावर ओट्याशी उभी राहून चहा उकळता उकळता मी फोनवर नवी काठी शोधत होते. तेवढ्यात वरून लेक किंचाळली, चक्क मराठीत, "आई, आजी वर आलीये!"

धावले. जिन्याच्या तळाशी माझे बूट भिंतीशी जोडीनं लावलेले होते. मला तिथंच रडू फुटलं.