वऱ्हाडाची धूळ आणि बसची हवा

आमची बस सोमवार ते शनिवार वणीतल्या एका शाळेची मुलं नेते आणि लग्नसराईत रविवारी वऱ्हाड. मोठी, जुनी, एअर ब्रेकची. हँडब्रेकची दांडी ओढली की ती एवढ्या जोरात फुस्स करते की चौकातली माणसं वळून बघतात. मला कुणी वळून बघितलेलं आवडत नाही. तरीही मला तीच चालवायची होती. शाळेत असताना याच बसमधून जाता-येता मी हेरलं होतं की ड्रायव्हरशी कुणी गप्पा मारत नाही.

हेवीचं लायसन्स मिळालं तेव्हा बाबांनी अट घातली. एक वऱ्हाड पोचवून आण. तक्रार आली नाही तर शाळेची फेरी तुझी, आली तर आपण ड्रायव्हर ठेवू. त्यांची कंबर आता क्लच दाबू देत नव्हती.

त्या रविवारी बाबा सोबत आले. वऱ्हाड बसमध्ये चढलं आणि मी इंजिन सुरू करून नुसती बसून राहिले. एअर ब्रेकची गोष्ट सोपी आहे. टाकीत हवा भरली तरच चाकं मोकळी होतात, हवा गेली की आतल्या स्प्रिंगा त्यांना आवळून धरतात. म्हणून हवेचा काटा वर चढेपर्यंत आणि हवा कमी असल्याचा बझर गप्प होईपर्यंत थांबायचं. नवरदेवाच्या मामांनी बाबांना विचारलं, पोरीला रस्ता माहीत नाही का. बाबा म्हणाले, रस्ता माहीत आहे, हवा भरते आहे. मामांना ते काही पटलं नाही.

लग्न मारेगावला होतं. तिथपर्यंत पुढे कोळशाचे ट्रक आणि आमच्या सगळ्या खिडक्या उघड्या. गावाबाहेर चढावर चहाची टपरी आहे. आमच्याकडची वऱ्हाडं तिथे थांबतात, तोंडं धुतात, फेटे बांधतात आणि मग मांडवात जातात. मी बस लावली, दांडी ओढली, इंजिन बंद केलं. मामा उतरले. त्यांचा पांढरा कुर्ता राखाडी झाला होता. त्यांनी तो झटकला, तेव्हा काळा झाला.

बाबांनी टाकीवर एक तोटी बसवून घेतली आहे. तिला पाइप लावून ते सीटं झाडतात, आणि त्या तोटीचा त्यांना माझ्या लायसन्सपेक्षा जास्त अभिमान आहे. ते पाइप घेऊनच आले. मामांचा कुर्ता खरोखर उजळला. मग रांग लागली. नवरदेव, त्याचे मित्र, काकवा. एका आजोबांनी धोतरात हवा घालून घेतली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. काटा खाली खाली येत होता. मी खिडकीतून बाबांना म्हणाले, हवा संपते आहे. बहुतेक मनातल्या मनातच म्हणाले.

तेवढ्यात मुलीकडून फोन आला की बँड उभा आहे. सगळे धावत चढले. मी इंजिन सुरू केलं आणि बझर कोकलायला लागला. हॉर्न दाबावा तर तोही त्याच हवेवर चालतो, त्यातून आजारी बकरीसारखा आवाज निघाला. इंजिन चालू असतानाही बॅटरी गेली, असं मामांनी जाहीर केलं. सगळे पुरुष उतरून मागे गेले आणि धक्का मारू लागले. ब्रेक आवळलेली बस कशाला हलते. बाबा त्यांना थांबवायला मागे गेले. आरशात मला दिसत होतं, ते दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते आणि लोकांना वाटत होतं, ते ताल देत आहेत.

मामा माझ्या केबिनमध्ये चढले. दांडीकडे बघून म्हणाले, "हे तं लावूनच ठेवली न तुनं, मंग कशी हालन?" आणि त्यांनी ती सोडली.

लगेच काही झालं नाही, आणि तेच वाईट होतं. काटा चढत होता. पुरेशी हवा भरली की स्प्रिंगा आपोआप उघडल्या असत्या आणि बस उतारावरून मागे गेली असती. पायाच्या ब्रेकवर तेवढ्या हवेत माझा भरवसा नव्हता. मी दांडी ओढली. मामांनी पुन्हा हात घातला. मी तो हात धरला.

"मामाजी, हात काढा. मागं माझे बाबा हायेत."

मग खिडकीतून डोकं काढून ओरडले, "मागचे सगळे बाजूला व्हा. काटा वर आल्याशिवाय बस हलणार नाही. मुहूर्त गेला तरी चालेल."

लग्नाच्या बसमध्ये हे बोलायचं नसतं. मागचे बाजूला झाले. मग एकेक जण काटा बघायला वर येऊ लागला. धोतरवाले आजोबा दारात उभे राहून बाहेरच्यांना तो कुठवर आला ते सांगत होते. बझर थांबला. मी पायाचा ब्रेक दाबून धरला, काटा जागेवर राहतो का पाहिलं आणि दांडी सोडली. फुस्स झालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवात पोचलो तर बँडवाले जेवत होते.

संध्याकाळी परतल्यावर मामांनी बाबांना बाजूला घेतलं. "गाडी चांगली हाय तुमची, पण पोरगी लय बोलते."

"कोण? हे पोरगी?" बाबांनी त्यांच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी टाकीवरची तोटी काढली, भोक बुजवलं आणि बसची चावी माझ्या उद्याच्या डब्याशेजारी ठेवली. मी म्हणाले, तक्रार तर आली.

"आली न," बाबा म्हणाले, "पण थे दुसऱ्याच कोन्या पोरीची असन."